संत निकोलस यांचा वसई दौरा

सांताक्लॉज ख्रिस्ती आहे की नाही, हे मला कोणीही विचारलेलं नव्हतं. डिसेंबरात वसईच्या माणसाला दुसरे प्रश्न असतात. डुकराचं मटण कोणाकडून घ्यायचं, करंज्यांना सारण पुरेल का, अंगणातल्या चांदणीची वायर यंदाही उंदरांनी कुरतडली का. पण मी चर्चमध्ये रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो, तिसरी-चौथीच्या मुलांचा. फुकट शिकवणाऱ्या माणसाला मतं फार असतात.

निमित्त झालं चाचणी परीक्षेचं. ‘बाळ येशूजवळ गोठ्यात कोण कोण होतं?’ असा सोपा प्रश्न मी काढला होता. निम्म्या वर्गाने मरिया, योसेफ, मेंढपाळ, तीन राजे आणि सांता अशी हजेरी लावली. एका मुलीने सांताला गोठ्याच्या दाराबाहेर उभं केलं होतं. का, तर ‘तो जाडा असल्यामुळे आत मावला नाही.’ तिला अर्धा गुण द्यावा की तिच्या आईवडिलांना बोलावून घ्यावं, यावर मी रात्रभर विचार केला आणि सकाळी सांताविरुद्ध मोहीम उघडली.

पहिला पाठिंबा सासऱ्यांचा मिळाला. ते अहमदनगरचे, मिशन कंपाउंडात वाढलेले प्रोटेस्टंट. कॅथलिक जावयाच्या तोंडून शुद्धीकरणाची भाषा ऐकून त्यांना भरतं आलं. ‘जावईबापू, आमच्याकडे 1831 साली जे अमेरिकन मिशनरी आले ना, ते बोस्टनच्या मंडळाचे. त्या बोस्टनमध्ये त्यांच्या पूर्वजांनी 1659 साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. सांता सोडा, नाताळच बंद! बावीस वर्षं कायदा होता.’ मी म्हटलं, मग तुमच्याकडे नगरला एवढी कॅरल आणि एवढा केक कसा? ते म्हणाले, ‘कायदा रद्द झाला ना 1681 ला.’ आणि त्यांनी करंजी उचलली.

चर्चच्या नाताळ समितीची बैठक भरली. दरवर्षी मुलांच्या कार्यक्रमाला सांता टेम्पोतून येतो, चॉकलेटं उधळतो आणि लाउडस्पीकरवर हो हो हो करतो. हा प्रकार बंद करावा, असा ठराव मी मांडला. तयारी जोरात होती. म्हटलं, ‘बंधू-भगिनींनो, हा माणूस कुठे जन्मला माहीत आहे? बेथलेहेमात नाही. कोका-कोला कंपनीच्या जाहिरातीत! साल 1931!’

टाळ्यांची वेळ होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून माझी कॉलेजात जाणारी भाची मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, ‘मामा, 1931 ला हॅडन सनब्लॉमने कोका-कोलासाठी चित्रं काढली, ते बरोबर. पण थॉमस नॅस्ट हार्पर्स वीकलीत 1863 पासून सांता काढत होता. पोट, दाढी, लाल डगला, सगळं कोका-कोलाच्या आधीच शिवून तयार होतं.’

सख्खी भाची. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला मी हातात धरलं होतं.

मी दिजाँकडे वळलो. फ्रान्समधल्या दिजाँ शहरात 23 डिसेंबर 1951 रोजी कॅथेड्रलच्या कठड्याला सांताचा पुतळा टांगला आणि धर्मशिक्षणाच्या काही शे मुलांसमोर जाळला. सण बळकावणारा घुसखोर आणि पाखंडी, असा त्याच्यावर आरोप होता. धर्मगुरूंची त्याला संमती होती! हे सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण चहावाला मुलगा ट्रे घेऊन दारातच थांबला.

‘पुढचं सांग ना मामा,’ भाची म्हणाली. पुढचं मला ठाऊक होतं, म्हणूनच मी थांबलो होतो. पण तिने वाचूनच दाखवलं. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, म्हणजे ऐन 24 तारखेला, तोच सांता दिजाँच्या नगरपालिकेच्या छपरावर जिवंत उभा राहिला आणि मुलांशी बोलला. आणि त्या गावचा महापौर फेलिक्स किर हा स्वतः धर्मगुरू होता. (याच किरच्या नावाने फ्रान्समध्ये पांढरी वाइन आणि ब्लॅककरंटच्या लिकरचं मिश्रण पितात. समितीतल्या काही सदस्यांना एवढाच तपशील आवडला आणि त्यांनी तो लिहून घेतला.)

फादर आतापर्यंत गप्प होते. ते म्हणाले, ‘सरांचं म्हणणं चुकीचं नाही. सांताचं मूळ म्हणजे मायराचे बिशप संत निकोलस. चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातले. मुलांना नकली दाखवण्यापेक्षा अस्सल दाखवू. सर, यंदा निकोलस तुम्ही.’ ठराव एकमताने मंजूर झाला. माझं मत कोणी विचारलं नाही.

बिशपचा वेश घरच्या घरी करणं म्हणजे थट्टा नाही. उंच टोकदार टोपी चार्ट पेपरची केली, तिच्यावर सोनेरी कागदाचा क्रूस चिकटवला. काठी म्हणून सासऱ्यांच्या छत्रीची वाकडी मूठ बांबूला बांधली. अंगावरच्या लाल झग्यासाठी आईने पेटीतून आजीचं लाल लुगडं काढून दिलं आणि ‘डाग पडला तर तुला बघते’ असा आशीर्वाद दिला. दाढी मेडिकलमधल्या कापसाची. पोटासाठी उशी लागेल का, असं मी विचारलं तेव्हा बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी स्टेजवर पाऊल टाकलं आणि सगळा हॉल एका सुरात ओरडला, ‘सांता!’

मी हात वर केला. ‘मुलांनो, मी सांता नाही. मी मायराचा बिशप निकोलस.’

‘सांताने नवीन टोपी घेतली,’ पुढच्या रांगेतल्या एकाने शेजारच्याला समजावलं.

मग मी अस्सल गोष्टी सुरू केल्या. पहिली तीन बहिणींची. बाप गरीब, मुलींच्या हुंड्याला पैसे नाहीत. निकोलस रात्री गुपचूप येतो आणि खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकतो. इतकं सांगून मी विजयी मुद्रेने थांबलो, तर महिला मंडळाच्या एक बाई उभ्या राहिल्या. ‘सर, माफ करा, पण मुलं ऐकतायत. हुंडा देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा आहे. 1961 चा कायदा आहे.’ बाया टाळ्या वाजवू लागल्या. ज्या संताची मी इतकी पत राखत होतो, त्याच्यावर माझ्याच चर्चच्या हॉलमध्ये केस होण्याची वेळ आली.

घाईघाईने मी दुसऱ्या गोष्टीवर उडी मारली. 325 साली नायसियाच्या धर्मपरिषदेत एरियस नावाचा माणूस ख्रिस्ताविषयी भलतंच बोलू लागला, तेव्हा निकोलसने सर्वांसमोर त्याच्या थोबाडीत मारली, अशी आख्यायिका आहे. मुलं खूश झाली. फार खूश झाली. एकाने विचारलं, ‘बिशपने मारलं तर चालतं?’ दुसऱ्याने वाट न पाहता शेजारच्याला एक ठेवून दिली. ‘हा एरियस आहे, सर!’ पुढचा काही वेळ हॉलभर नायसियाची परिषद चालली आणि ती मोडायला सिस्टरना घंटा वाजवावी लागली.

तिसरी गोष्ट मी सांगायला नको होती. खाटकाने तीन मुलांना कापून खारवणाच्या पिंपात मुरत घातलं आणि निकोलसने त्यांना जिवंत केलं. जिवंत करण्यापर्यंत पोचायच्या आतच बालवाडीतल्या एकीने भोकाड पसरलं. तिच्या मागे आणखी दोघं. कार्यक्रमाचा शेवट मी चॉकलेटची नाणी उधळून आणि निरुपायाने हो हो हो करून केला. तेव्हा कुठे रडणं थांबलं.

नंतर हॉलमागे दाढी काढताना कापूस हनुवटीलाच चिकटून बसला होता. फादर खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले. ‘छान झालं. पण सर, या तीन गोष्टींपैकी निकोलसच्या हयातीत लिहिलेल्या किती?’

एकही नाही. पुढच्या शतकांत लोकांनी त्या सांगत सांगत वाढवल्या. म्हणजे मी एका दंतकथेला हाकलायला तीन दंतकथा घेऊन गेलो होतो, आणि हाकललेली निदान रडवत तरी नव्हती.

माझं हे हसं एवढ्यावर आटोपलं असतं. पण 26 तारखेला गोठा स्पर्धेचे परीक्षक घरोघर फिरत आमच्याकडे आले. परीक्षक म्हणजे फादर, सिस्टर आणि नशिबाने पाठवलेली भाची. आमचा गोठा आळीत नावाजलेला आहे. खाकी कागदाचे डोंगर, त्यांच्या शिखरांवर कापसाचं बर्फ, पायथ्याला ताटलीत उगवलेल्या नाचणीचं हिरवंगार शेत, मोटरवर फिरणारा रहाट, केळीची बाग, आणि एका कोपऱ्यात चटईवर सुकेळी वाळत घालणारी बाई. तिची चटई मी स्वतः विणली आहे.

भाची वाकून बघत होती. ‘मामा, बेथलेहेमात बर्फ आणि सुकेळी एकाच दिवशी?’

‘वातावरणनिर्मिती,’ मी म्हणालो.

‘बरं. पण लूकच्या शुभवर्तमानात बैल आणि गाढव कुठे आहेत?’

फादरच म्हणाले, ‘नाहीत. गव्हाण आहे, जनावरं नाहीत. बैल-गाढव यशयाच्या पहिल्या अध्यायातून लोकांनी आणून बांधली. आणि राजे तीनच होते असं मत्तयही म्हणत नाही. राजे होते असंसुद्धा नाही, ज्ञानी लोक म्हणतो. हा गोठा रचायची चाल संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीत ग्रेच्चो गावी पाडली, तीही खऱ्या बैल-गाढवासकट.’ ते माझ्या गोठ्याकडे मायेने बघत होते. ‘25 डिसेंबर ही तारीखही बायबलात नाहीच म्हणा.’

मी त्या गोठ्यातून शास्त्राबाहेरचं सगळं मनातल्या मनात काढून बघितलं. बर्फ गेलं, डोंगर गेले, रहाट गेला, बैल, गाढव, उंट, दोन-तीन राजे, सुकेळीवाली. उरले मरिया, योसेफ, बाळ आणि मेंढपाळ. मेंढ्यांबद्दलही मला खात्री वाटेना. माझ्या जिवाची घालमेल बघून बायको म्हणाली, ‘ती चटई ठेवा हो, इतकी मेहनत घेतलीत.’ आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला ज्यांना मिळाला त्यांच्या गोठ्याच्या छपरावर दिव्यांच्या माळेचा सांता होता. यावर मी काही बोललो नाही.

एकतीस तारखेला दुपारी आळीतली मुलं नेहमीप्रमाणे म्हातारा घेऊन दारात आली. सरत्या वर्षाचा पुतळा करून मध्यरात्री जाळायचा, आणि त्यासाठी दिवसभर वर्गणी गोळा करायची, ही आमच्याकडची मुलांची चाल. हातगाडीवर जुन्या पडद्याचा झगा घातलेला, भाताचा पेंढा भरलेला एक गुबगुबीत गृहस्थ बसवला होता. तोंडात विडी. हनुवटीला ओळखीचा कापूस. डोक्यावर चार्ट पेपरची उंच टोपी आणि तिच्यावर सोनेरी क्रूस.

‘ही टोपी कुठून आणली?’

‘हॉलच्या कचऱ्यात होती.’

मी आत वळून आईला हाक मारली. तिने लुगडं जागेवर असल्याचं पेटी उघडून सांगितलं. बायको बाहेर येऊन हातगाडीभोवती फिरली आणि म्हणाली, ‘बांधा अगदी ह्यांचाच घेतलाय.’ पोरांनी ते कौतुक म्हणून घेतलं. क्रूस जाळायचा नाही, एवढं मी त्यांना ठामपणे बजावलं. त्यांनी तो लगेच सोलून काढला, माझ्या हातात दिला आणि वर्गणीसाठी डबा पुढे केला. धर्माची बाजू राखल्याच्या समाधानात मी वीस रुपये टाकले.

त्यांच्यातला मोठा डब्यात डोकावला. ‘अंकल, बिशप आहे. शंभर तरी द्या.’