अळू पुढे, कोथिंबीर मागे

हॅरो, लंडन
रविवार

तीर्थरूप बाबा आणि आईस,


फोनवर बागेचा विषय निघाला की बाबा पाटबंधारे खात्यात जातात आणि आई भाजीबाजारात. माझं सांगायचं राहूनच जातं. म्हणून या वेळी लिहूनच कळवते.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न होता, "किती गुंठे?" आमचं परसू सहा मीटर रुंद आणि बारा मीटर लांब. तुमच्या हिशेबात पाऊण गुंठाही भरत नाही. त्यातला एक कोपरा लाकडी शेडने खाल्लाय. शेड म्हणजे आपली अडगळीची खोली, फक्त इथे तिला खिडकी असते आणि लोक तिला रंग देतात. तिन्ही बाजूंनी फळ्यांचं कुंपण आहे. मागच्या दारात उभं राहिलं की बारा मीटर एका नजरेत संपतात. तुम्ही सुचवलेली आठ फुटी भिंत होणार नाही. परवानगीशिवाय इथे दोन मीटरपर्यंतच कुंपण घालता येतं, आणि तेवढ्याचीही मला कोंडवाड्यासारखी भीती वाटत होती.

तुमचे जावई पुण्याचे, त्यामुळे फावडं हातात घेण्याआधी आलेखाच्या कागदावर नकाशा झाला. त्यांचं सूत्र एकच: बाग एका नजरेत संपता कामा नये. म्हणून दारापासून साधारण दोन तृतीयांशावर आडवी जाळी उभी केली, पूर्ण रुंदीची नाही, एका बाजूने वाट सोडून. तिच्यावर शेंगांचा वेल चढवला. आता शेड दिसत नाही आणि येणारा प्रत्येक पाहुणा "मागे अजून काय आहे?" म्हणून विचारतो. मागे शेडच आहे, पण तो वाकून बघतो, यातच आमचा जय. पायवाटेच्या फरश्या सरळ न टाकता तिरक्या टाकल्या. आयताची सगळ्यात लांब रेघ कोपऱ्यातून कोपऱ्यात जाते, हे भूमितीच्या तासाला तुम्हीच शिकवलं होतं बाबा, तेव्हा त्याचं श्रेय जावयांना देऊ नका. कुंपणाला गडद हिरवा रंग दिला. पांढऱ्या फळ्या "इथे हद्द संपली" असं ओरडून सांगतात. गडद फळ्या पानांत मुरून जातात.

आई, आता तुझा भाग. मोठ्या पानांची झाडं जवळ आणि बारीक पानांची लांब लावली की अंतर वाढल्यासारखं दिसतं, असं बाग मांडण्याच्या विद्येत मानतात. मी लगेच म्हटलं, म्हणजे अळू पुढे, कोथिंबीर मागे! हे दोन मिनिटं गप्प होते. तत्त्व त्यांचं, वड्या माझ्या, त्यामुळे वाद मिटला. झेंडूही असाच बसला. तांबडे-केशरी रंग डोळ्यापाशी येतात, निळे-जांभळे मागे सरतात. म्हणून झेंडू स्वयंपाकघराच्या दाराशी आणि लॅव्हेंडर टोकाला. धुकं-थंडी लवकर आली नाही तर दसऱ्याच्या तोरणापुरता झेंडू घरचा होईल. तुळस आणि कढीपत्ता मात्र कुंडीतच, कारण हिवाळ्यात त्यांना घरात घ्यावं लागतं. आणि तुझ्यासारख्या डझनभर डब्यांतल्या रोपांऐवजी चारच मोठ्या कुंड्या ठेवल्यात. बारकी भांडी जास्त झाली की जागा गजबजते. रागावू नकोस, तुझे डबे नगरला सावेडीच्या ओट्यावरच शोभतात.

आरशाचा प्रयोग फसला. कुंपणाला आरसा लावला तर बाग दुप्पट दिसते म्हणे. इथला रॉबिन नावाचा तांबड्या छातीचा पक्षी फार भांडखोर. तो दिवसभर आरशातल्या रॉबिनशी हद्दीवरून भांडत बसला. आरसा काढला. त्याऐवजी जमिनीलगत पसरट काळं भांडं पाण्याने भरून ठेवलं. त्यात आभाळ उतरतं, आणि शेजारच्यांचं मोठं मेपलचं झाड फुकटात आमच्या बागेत येतं.

पाण्यात आभाळ उतरवायची कल्पना जावई इंग्रजांची सांगतात. मी त्यांना नगरच्या सोलापूर रस्त्यावरची आपली फराहबाग ऐकवली. १५८३ मध्ये पूर्ण झालेला अष्टकोनी महाल, तोही तलावाच्या मधोमध. तलाव भरलेला असताना त्या महालाला किती आभाळ लाभत असेल! आणि त्याच्याही आधी, १५०६ मध्ये, आपल्या सावेडीच्या अंगाला हश्त बेहश्त बाग झाली होती. तिथेही पाणी, तिथेही आठ कोन. पावसाला तरसणाऱ्या नगरात बादशहांनी पाण्यावर बागा मांडल्या आणि आपण त्या कोरड्या पाहतच मोठे झालो.

इथली माती मात्र नेवाशाची आठवण देणारी. लंडनची चिकणमाती पावसात पायाला चिकटते आणि उन्हात भेगाळते. खणताना विटांचे तुकडे, काचा, कुणाची तरी चमच्याची दांडी असं काय काय निघालं. मी वैतागले तेव्हा नेहरू आठवले. ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ ते नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तिथे दगडगोट्यांनी आणि जुन्या बांधकामाच्या राडारोड्याने भरलेली जमीन रोज उन्हात खणून त्यांनी फुलांचे वाफे केले, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. शाळेच्या सहलीत आम्हाला नेत्यांच्या खोल्या दाखवल्या. वाफ्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

बाबा, आता राहिली तुमची शेवग्याची सूचना. पाऊण गुंठ्यात शेवगा म्हणजे बागेत शेवगा नव्हे, शेवग्याखाली बाग होईल. आणि इथली थंडी तो काढणारही नाही. विषय बंद.

तिकिटं जूनची काढा, जानेवारीत बाग म्हणजे ओला चिखल. आणि आई, पदराआड कढीपत्त्याची डहाळी, साडीच्या घडीत बियांच्या पुड्या असलं काही आणू नकोस. वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय इथे रोपं-बियाणं आणता येत नाही. विमानतळावर जप्त होईल आणि बाबा तिथल्या अधिकाऱ्याला शेवग्याचे गुण समजावत बसतील. गोडा मसाला तेवढा दोन किलो आण.

तुमची,
लेक