वन्यजीवांचा पंचनामा

पेन्शनीत निघाल्यावर काही माणसे गीतेकडे वळतात, काही पथ्यपाण्याकडे. आणि कचेरीतले दप्तर सुटल्याचे दुःख ज्यांच्या बाबतीत कोणत्याही धर्मग्रंथाने शमत नाही, ती गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षिनिरीक्षक होतात. या वर्गातले गृहस्थ मी पुण्यात पर्वतीवर पाहिले आहेत, भिगवणच्या पाणथळीतही पाहिले आहेत. परंतु त्यांचा अव्वल दर्जाचा नमुना मला भेटला तो म्हैसूर जिल्ह्यातील तलकाडला, कावेरीच्या वाळवंटात, ऐन चैत्रातल्या वळवाच्या पावसात.

हे माजी महसूल अधिकारी, सालीम अलींच्या सूचनेवरून १९४० साली अभयारण्य झालेले रंगनतिट्टू आदल्याच दिवशी 'निकालात काढून' आले होते. पक्ष्यांना दिसू नये म्हणून मातकट सदरा, आणि पाऊस लागू नये म्हणून त्यावर हळदीलाही लाजवील असा पिवळा मेणकापडी कोट! काखेतल्या नोंदवहीत अनुक्रमांक, नाम, नग, मुक्काम, साक्षीदार आणि शेरा असे रकाने स्वहस्ते आखलेले. आणि ज्या जीवाला या रकान्यांत बसता येत नाही त्याने जन्माला येण्यापूर्वी फेरविचार करावा, असा एकंदर बाणा.

बांबूच्या कामट्यांच्या गोल नावेतून आम्ही पात्रात गेलो, तेव्हा एका वाळूच्या बेटावर नदी सुरय अंड्यांवर बसली होती. डोक्याला काळी टोपी, पिवळीधमक चोच, आणि पाठीवरून पावसाचे थेंब ओघळत असूनही उघड्या खळग्यातली अंडी भिजू नयेत म्हणून जागची तसूभरही न हलण्याचा तो निर्धार! मी पाहतच राहिलो. साहेबांनी लिहिले: 'नग १. मुक्काम नदीपात्र. वहिवाट चालू.'

पुढे पाऊस वाढला, दुर्बिणीच्या भिंगावर पाणी साचले, आणि साहेब ते मेणकापडी कोटाच्या बाहीने पुसून अधिकच गढूळ करीत असताना, नावेपासून हाताच्या अंतरावर म्हणावे इतक्या जवळ, तीन पाणमांजरांनी डोकी वर काढली. त्यांतल्या एकाने खडकावर चढून, पुढच्या दोन पंजांत मासा उभा धरून, डोक्याकडून खाण्यास आरंभ केला. काटे फुटल्याचा कडकड आवाज स्वच्छ ऐकू येत होता. नावाड्याने वल्हे थांबवले, मी श्वास. भिंग निर्मळ होऊन साहेबांच्या डोळ्यांस लागेपर्यंत मासा संपला होता आणि पाणमांजरे डोहात गडप झाली होती.

ही नोंद घ्यावी असा मी अर्ज केला, तो तत्काळ नामंजूर झाला. नावाडी हितसंबंधी, कारण त्याचे भाडे अद्याप चुकते व्हायचे होते. आणि मी पडलो लेखक, म्हणजे माझी जबानी मुळातच संशयास्पद. शेऱ्याच्या रकान्यात 'पाणमांजर: निरंक' असे सुवाच्य अक्षरात उमटले.

परतीच्या वाटेवर, सुरूच्या झाडांखालची ओली वाळू तुडवीत आम्ही कीर्तिनारायणाच्या देवळाकडे निघालो, तेव्हा साहेब अलमेलम्मेची कथा सांगू लागले. १६१० च्या सुमारास राजा वोडेयरांनी श्रीरंगपट्टण घेतले. विजयनगरच्या सुभेदाराची ही पत्नी दागिन्यांसह पळाली आणि मागावर शिपाई येताच, तलकाडची वाळू होवो, मालंगीचा डोह होवो, म्हैसूरच्या राजांचा वंश खुंटो, असा शाप देऊन तिने कावेरीत उडी घेतली. हे सारे साहेबांनी इतक्या निःशंकपणे सांगितले की जणू पंचनाम्यावर सही त्यांचीच होती. माधवमंत्र्याने घातलेला बंधारा, उघडे पडलेले पात्र आणि पात्रातली वाळू गावावर लोटणारा वारा अशी रूक्ष कारणेही विद्वान देतात, हे मी सुचवून पाहिले. पण त्यांनी ती ऐकून न ऐकल्यासारखी केली.

शेवटी न राहवून मी विचारले, "साहेब, तिला उडी घेताना पाहणारा साक्षीदार कोण?"

त्यांनी माझ्याकडे अपार कणवेने पाहिले. "अहो," ते म्हणाले, "ते गॅझेटियरमध्ये आहे!"