चंद्रावरचं चावीचं घड्याळ

मोटारींच्या शर्यती मोजायला १९५७ साली बाजारात आलेलं घड्याळ पुढे चंद्रावर गेलं आणि आता आयटीतली मुलं ते बढती मिळाली की घेतात. माझ्या भाच्याला बढती मिळाली होती. "मामा, तू चल, तुला घड्याळातलं कळतं," म्हणाला. मला एवढंच कळतं की एचएमटीला रोज सकाळी चावी द्यायची.

दुकानात सेल्समनने पांढरे हातमोजे चढवले, मखमली ट्रे आणला आणि माझे पिकलेले केस आणि भाच्याचा चुरगळलेला टी-शर्ट यांची तुलना करून ओमेगा स्पीडमास्टर माझ्याच मनगटावर बांधलं. आमच्या घराण्याची मनगटं लेखणी धरण्यापुरतीच. त्यामुळे ४२ मिलिमीटरचं ते प्रकरण आरशात पाहिल्यावर घड्याळालाच कुणीतरी हात लावून दिल्यासारखं दिसलं.

"मॅन्युअल वाइंडिंग आहे, सर."

"म्हणजे रोज चावी द्यायची?"

"हेरिटेज, सर."

माझं एचएमटी ट्रेच्या कोपऱ्यात पडलं होतं. तेही चावीचंच. पण दुपारी बंद पडलं की आम्ही त्याला हेरिटेज म्हणायचो नाही, वेगळंच काहीतरी म्हणायचो. मग काचेचा विषय निघाला. ती 'हेसलाइट'ची. भाच्याने मोबाइलवर पाहून हळूच सांगितलं, "अ‍ॅक्रिलिक." शुद्ध मराठीत प्लास्टिक! सेल्समन जराही डगमगला नाही. अंतराळात साधी काच फुटली तर तुकडे यानभर तरंगत बसतील, म्हणून ही. मुद्दा बिनतोड होता. ओरखडे पडले तर टूथपेस्टने घासायचे, ही युक्ती मात्र मीच त्याला सांगितली. एचएमटीवाल्यांना ती पाळण्यातच शिकवतात.

आता मस्करी बाजूला. या घड्याळाची कुंडली खरंच थोर आहे. नासाने १९६५ साली ते ९३ अंशांवर भाजलं, उणे १८ अंशांत गोठवलं, हादरवलं, आपटलं. तरी ते चालत राहिलं. जुलै १९६९मध्ये आर्मस्ट्राँगने मात्र आपलं घड्याळ चांद्रयानातच ठेवलं, कारण तिथला टायमर बिघडला होता. म्हणजे चंद्रावर पहिलं पाऊल पडलं ते बिनघड्याळाचं. मागून उतरलेल्या ऑल्ड्रिनच्या हातात होतं. ते चंद्रावर जाऊन सुखरूप परत आलं आणि पृथ्वीवर म्युझियमला पाठवताना वाटेतच गहाळ झालं. पार्सलपुढे विज्ञान हतबल आहे. पण खरी शर्थ १९७०ची. अपोलो-१३ची ऑक्सिजनची टाकी फुटलेली, यंत्रणा बंद केलेल्या, आणि परतीची दिशा सुधारायला इंजिन नेमकं १४ सेकंद चालवायचं. ते १४ सेकंद यानातल्या स्वायगर्ट या अंतराळवीराने या घड्याळावर मोजले आणि तिघंही घरी पोचले.

एवढं ऐकल्यावर मीही वरचं बटण दाबलं. 'टक्' असा बारीक, कडक आवाज. तोवर बारावर गप्प उभा असलेला मधला लांब काटा (मला वाटलं होतं घड्याळ बंदच आहे) सरसर निघाला. सेकंदाला सहा इवल्या उड्या. पुन्हा दाबलं, थांबला. खालचं बटण दाबताच झटक्यात बारावर हजर. मी हा खेळ इतक्या वेळा केला की सेल्समनचा हातमोजा दोनदा पुढे येऊन मागे गेला.

कडेवर वेग मोजायची पट्टी असते, टॅकीमीटर. किलोमीटरचा दगड गेला की बटण दाबायचं, पुढचा आला की पुन्हा दाबायचं. ३६ सेकंद लागले तर काटा १०० दाखवतो. एक्स्प्रेसवेवर उत्तम. पण पट्टी साठावर संपते. एका किलोमीटरला मिनिटाहून जास्त लागलं की घड्याळाला काही कळेनासं होतं. साठी बुद्धी नाठी ही म्हण स्वित्झर्लंडातही पोचलेली दिसते. आणि भाचा सकाळी हिंजवडीला ज्या रस्त्याने जातो, तिथे एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात हे विचारणं म्हणजे जखमेवर मीठ.

"मग तू यावर मोजणार काय?" मी विचारलं. घरी तर आम्ही वेळ शिट्ट्यांत मोजतो. डाळीला तीन, छोल्यांना सहा. सेकंद कुणी विचारत नाही. भाचा म्हणाला, "मोजायचं कशाला? असावं." पॅन कार्ड मागायला सेल्समन माझ्याकडे वळला, ते टी-शर्टच्या खिशातून निघालं. किंमत सहा आकडी होती, हप्ते सोसवतील असे होते आणि हातमोजे त्या दिवशी पहिल्यांदाच योग्य दिशेने वळले.

परत येताना चौकात सिग्नल लागला. वर खांबावर लाल आकडे ठळक उलटे मोजत होते. तरीही भाच्याने आकड्यांकडे बघत बटण दाबलंच. त्यामुळे मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न सिग्नल सुटायच्या नेमका चार सेकंद आधी दिला, ही माहिती आता आमच्याकडे आहे.