जरा उन्हात नेऊन बघा

पुसदच्या एका शाळेत मी २७ वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती पोरं बसवली याचा हिशेब नाही. उष्ण रंग, शीत रंग, विरोधी रंग, रंगसंगती हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. एवढं असूनही आमच्या घरात रंगाच्या बाबतीत माझ्या मताला कांद्याच्या सालीइतकी किंमत आहे. (कांद्याच्या सालीपासून सुरेख पिवळा रंग निघतो, हे मी एकदा सांगायला गेलो होतो. ‘मग आधी कांदे चिरा,’ असं उत्तर आलं.)

याची सुरुवात लग्नानंतर पहिल्याच महिन्यात झाली. सौ.नं एक साडी उलगडून विचारलं, ‘‘हा कोणता रंग?’’ मी जाणकाराच्या थाटात म्हणालो, ‘‘जांभळा.’’ तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं मी फक्त संकल्पचित्रात हत्तीला निळा रंग देणाऱ्या पोरांकडे पाहतो. ‘‘हा वांगी आहे,’’ ती म्हणाली. ‘‘त्या खुंटीवरचा आमसुली. माझ्या मावशीनं दिलेला चिंतामणी. जांभळी साडी माझ्याकडे एकही नाही.’’ पुढं डाळिंबी, अंजिरी, पिस्ता, लिंबू, श्रीखंडी असं करत करत मला कळलं की बायकांचं रंगचक्र रसोड्यात तयार होतं आणि आमचं सरकारी परीक्षेच्या पुस्तकात. दोन्हींची गाठ पडत नाही.

ती पडलीच तर मॅचिंग सेंटरमध्ये पडते.

आमच्या बाजारपेठेतलं मॅचिंग सेंटर म्हणजे जेमतेम आठ फूट रुंद दुकान. जमिनीपासून छतापर्यंत टू बाय टूचे तागे रचलेले, खाली फॉलच्या घड्या, एका कोपऱ्यात अस्तराचं कापड आणि मधे मालक. या गृहस्थांनी आयुष्यात कोणत्याही रंगाला ‘नाही’ म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. साडी उलगडायच्या आतच त्यांचा हात वर गेलेला असतो. ‘‘बसते ना वहिनी, काहून नाही बसत!’’ म्हणत ते तागा ओढतात, साडीच्या काठाला लावतात आणि ट्यूबलाइटखाली तो खरोखरच बसलेला असतो. मी पाकिटाकडे हात नेतो. तेवढ्यात सौ. म्हणते, ‘‘जरा उन्हात नेऊन बघा.’’

हे ‘बघा’ मला उद्देशून असतं. मग मी डाव्या हातात पदर आणि उजव्या हातात ताग्याचं टोक धरून पायरी उतरतो. मे महिना, दुपारचे बारा, तापमान ४४. ट्यूबलाइटखाली सख्खे भाऊ वाटलेले दोन रंग पुसदच्या उन्हात एकदम चुलत निघतात. कारण साधं आहे. ट्यूबच्या उजेडात सगळे रंग सारख्या प्रमाणात नसतात, उन्हात सगळेच असतात. त्यामुळे वेगवेगळ्या डायचे दोन कपडे दुकानात जुळतात आणि रस्त्यावर फारकत घेतात. हे शास्त्र मी सौ.ला समजावून सांगितलं आहे. तिला ते माझ्या आधीपासून माहीत होतं, म्हणून तर ती सावलीत उभी असते.

अशाच एका दुपारी मी पदर धरून रस्त्यावर उभा असताना माझा एक माजी विद्यार्थी मोटरसायकल थांबवून म्हणाला, ‘‘सर, काय करून राह्यले?’’

‘‘रंगसंगती,’’ मी म्हणालो.

त्याच वेळी समोरून आठवडी बाजाराला आलेल्या बंजारा तांड्यावरच्या चार-पाच म्हाताऱ्या चालल्या होत्या. तांबडाभडक फेटिया (घागरा), त्यावर पिवळ्या-हिरव्या पट्ट्या, काचळीवर (चोळीवर) आरसे, ओढणीच्या काठाला कवड्या. एक आरसा असा चमकला की मला क्षणभर पदरही दिसेना आणि तागाही. मी शिकवलेले सगळे नियम त्या एका फेटियात मोडलेले होते. लालाशेजारी हिरवा, निळ्याशेजारी नारिंगी, मधे पांढरा ठिपका. शाळेत कुणी असं रंगवलं असतं तर मी दहापैकी चार दिले असते. आणि इथं दोन फर्लांगांवरून नजर दुसरीकडे जात नव्हती.

पुसद तालुक्यात तांडे पुष्कळ. त्यांपैकीच गहुलीच्या तांड्यातून वसंतराव नाईक १९६३ साली मुख्यमंत्री झाले आणि १९७५ पर्यंत राहिले, पुढं १९९१ ला त्याच घरातले सुधाकरराव. दोन मुख्यमंत्री दिलेलं गाव म्हणून आम्ही परगावी मान ताठ करून सांगतो. कुणी ‘मग येऊ की पुसदला, गाडी कोणती?’ असं विचारलं की विषय बदलतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे आमच्या गावावरून जाणार आहे. ‘जाणार आहे’ हे क्रियापद आम्ही लहानपणापासून ऐकतो आहोत.

गंमत अशी की रेल्वेनंच तांड्यावरच्या या लोकांचा धंदा बसवला. बंजारे म्हणजे देशभर मीठ आणि धान्य वाहणारे लोक. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून चालायचे, तिला लदेणी म्हणत. रेल्वे आली, पक्क्या सडका आल्या, बैल उभे राहिले. वर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं कित्येक फिरत्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यात हेही ओढले गेले. तो शिक्का स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये पुसला. ज्या गाडीनं त्यांचे बैल थांबवले, ती गाडी त्यांच्या नातवंडांच्या गावात अजून पोचलेली नाही. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, मी चित्रकलेचा मास्तर आहे.

पण त्या फिरण्यात त्यांचा कपडा घडला. घरच बैलाच्या पाठीवर असेल तर भिंत रंगवणार कुठं? मग सगळी हौस फेटियावर, काचळीवर, बैलाच्या झुलीवर आणि धान्याच्या पिशवीवर उतरली. शिवाय कवडी बघा. कवडी समुद्रातली, एके काळी मालदीवहून जहाजांनी येऊन चलन म्हणून चालायची. पुसदला समुद्राच्या नावानं पूस धरण आहे. आणि आमच्या बाजारात मेथीची जुडी घासाघीस करून घेणाऱ्या म्हातारीच्या ओढणीला हिंदी महासागर टाचलेला.

माझ्या वर्गातला एक मित्र तांड्यावरचा. त्याच्या आईला सगळे याडी म्हणायचे. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरमाटीत आईच, त्यामुळे मीही म्हणायचो. शाळा बुडवून आम्ही त्याच्या तांड्यामागच्या सागवानात जायचो. सागाचं कोवळं पान तळहातावर चुरगळलं की हात लालभडक होतो. रक्त आलं म्हणून मित्रांना घाबरवायला याहून चांगला रंग नाही. फाल्गुनात पळसाची फुलं उकळून होळीचा केशरी रंग. एकदा तो उकळता रंग मी सांडला तो नेमका याडीनं टाके घालायला पसरलेल्या कापडावर. मी रडायच्या बेतात. याडीनं डागाकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि त्या डागाच्या कडेनं पांढऱ्या दोऱ्याचा गोल घालून मधे आरसा बसवला. मला एक धपाटाही बसवला. रंगकामाचा माझा पहिला धडा तो, पुढचे सगळे जे. जे. च्या पद्धतीचे.

नोकरी लागल्यावर फिरण्याचं वेड लागलं आणि सौ.ला कापडाचं. दोन्ही मिळून आमचा भविष्य निर्वाह निधी. महेश्वरला गेलो, तिथल्या साडीच्या काठावर नर्मदेच्या लाटा आणि किल्ल्यावरची नक्षी उतरली आहे म्हणून मी घाटावर बसून दगडांचं स्केच केलं. तोवर सौ.नं दोन घाट खरेदी केले. येवल्याला पैठणीच्या मागावर एका विणकरानं पदर उलटा करून दाखवला. अस्सल हातमागाची पैठणी काठा-पदराला मागूनपुढून सारखीच दिसते, मागं सुटे धागे लोंबत नाहीत. त्या दिवसापासून मला सवय जडली ती जडलीच. दिसेल ते कापड मी उलटं करून बघतो. एका लग्नात व्याह्यांच्या उपरण्याचं टोक उलटं करून बघितलं, तेव्हापासून मला पहिल्या पंगतीला बसवत नाहीत.

२०१८ च्या जानेवारीत बाबांना घेऊन जयपूरला गेलो. १८७६ साली इंग्लंडचा युवराज येणार म्हणून अख्खं शहर गुलाबी रंगवलं, असं गाइड सांगत होता. आमच्याकडे मंत्री येणार असला की गतिरोधकावर पांढरे पट्टे मारतात, त्या मानानं हे फारच. सौ. हरखून गेली होती. बाबा मात्र गप्प. ते कास्तकार माणूस. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं आमची पऱ्हाटी आतून खाऊन टाकली होती. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी आणि काळी पडलेली सरकी. बाबांनी हवा महालाकडे मान वर करून एकदा खालून वर बघितलं आणि गाइडला विचारलं, ‘‘फवारणी नाही केली काय या लोकायनं?’’

गाइडला कळलं नाही. मला कळलं. परतीच्या गाडीत बाबा आपण होऊनच सांगत होते, कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं असते अन् दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, तो गुलाबी चांगला. सौ.नं त्यांच्यासाठी घेतलेली गुलाबी बुट्ट्यांची जयपुरी रजाई त्यांनी पांघरली, पण उलटी करून. उलटी बाजू बिनबुट्ट्यांची पांढरी होती.

मग झालं ते पिशवीचं प्रकरण. एका मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात ‘पारंपरिक बंजारा हस्तकला’ अशा पाटीखाली मी एक आरशांची पिशवी घेतली. मोठ्या हौसेनं याडीला दाखवायला तांड्यावर नेली. याडी आता पंचाऐंशीच्या पुढं, पोरगा पुण्याला, ती मात्र तांडा सोडायला तयार नाही. तिनं पिशवी हातात घेतली, समोरची बाजू बघितलीच नाही. सरळ उलटी केली, अस्तराची शिवण नखानं उचकटली आणि आतला एकसारखा पांढरा दोरा मला दाखवला.

‘‘मिशीन,’’ याडी म्हणाली. ‘‘कितीले देल्ली?’’

मी अर्धीच किंमत सांगितली. तरी ती बराच वेळ हसत होती. येवल्याला चारशे किलोमीटर जाऊन मी जे शिकलो, ते माझ्या गावापासून सायकलच्या अंतरावर इतकी वर्षं बसलेलं होतं.

तो डाग धुवायला गोवा आला. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात कर्नाटकातून आलेल्या लमाणी, म्हणजे तिकडच्या बंजारा, बायका कापड मांडून बसतात. एकीनं मला इंग्रजीत हाक मारली. मी वाकलो, पिशवी उचलली, अस्तर नव्हतं, उलटी केली. मागं रंगीबेरंगी गाठींचा गोंधळ होता, हातानं केलेल्या कामाचा. मी म्हणालो, ‘‘जय सेवालाल, याडी.’’

ती थबकली. मग गोरमाटीत भराभर काहीतरी विचारलं, आणि माझी गोरमाटी तर त्या एका वाक्यात संपलेली. मोडक्या हिंदीत सांगितलं की मी पुसदचा, पोहरादेवी आमच्याकडून जवळच. त्यांच्या या तीर्थाचं नाव घेताच तिनं हात जोडले, शेजारच्या दोघींना बोलावलं, चहा मागवला, मला खोक्यावर बसवलं. आता भाव निम्म्यावर येणार असं मी सौ.ला खुणावलं. माहेरच्या माणसाला चहा पाजून झाल्यावर तिनं पुरेपूर किंमत घेतली. सौ. म्हणाली, ‘‘इंग्रजीतच बोलला असतात तर चहाचा वेळ तरी वाचला असता.’’

गावी आलो आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दोघंही तांड्यावर. याडीनं उलटी केली. या वेळी हसली नाही. गाठींवरून अंगठा फिरवत राहिली, बराच वेळ. मग एक आरसा सैल झालेला तिला सापडला. उशाशी ठेवलेल्या गाठोड्यातून सुई काढली, डोळ्याजवळ नेऊन एका दमात ओवली आणि आरशाभोवती टाके घालायला लागली. दोरा हिरवा. सगळी पिशवी लाल, निळी, पिवळी, आणि हा मधेच हिरवा, तोही असा की ना पोपटी, ना शेवाळी.

सौ.ला राहवेना. ‘‘याडी, लाल दोरा नाही काय?’’

‘‘हाय ना.’’

‘‘मग लालच घाला ना. मॅचिंग होईल.’’

याडीनं दोरा दातानं तोडला. ‘‘ते कायले पाह्यजे?’’

घरी येईस्तोवर सौ. त्या हिरव्या डोळ्याबद्दल बोलत होती. तो खटकतो, उसवून लाल घालून घेऊ वगैरे. घातला नाही. आठवड्याभरानं नवी साडी आली (वांगी, मी विचारूनच घेतलं) आणि आम्ही पुन्हा मॅचिंग सेंटरच्या पायरीवर. साडी बसली, तागा निघाला, मी सवयीनं ऊन खाऊन आलो. पैसे द्यायला सौ.नं ती पिशवी काउंटरवर ठेवली.

मालकांचा हात गल्ल्यावरच थांबला. त्यांनी पिशवी ओढून घेतली, चष्मा वर केला, तो हिरवा टाका ट्यूबलाइटखाली धरला. मागं वळून ताग्यांच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत नजर टाकली. दोन तागे काढले, लावून बघितले, परत ठेवले. शेवटी काउंटरची फळी वर करून ते स्वतः बाहेर आले, पायऱ्या उतरले आणि भर उन्हात पिशवी घेऊन उभे राहिले. गिऱ्हाइकं दुकानात, मालक रस्त्यावर.

परत आले तेव्हा घामानं डबडबले होते.

‘‘वहिनी,’’ ते म्हणाले, ‘‘हा हिरवा आपल्याकडे नाही.’’