ऑप्शनला टाकलेलं हवामान

‘टाइम्स हायर एज्युकेशन’ २०१९पासून संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांवर विद्यापीठांची क्रमवारी लावते. उद्दिष्टं एकूण १७. पैकी सतरावं, भागीदारीचं, सक्तीचं. उरलेल्या सोळांतली सर्वाधिक गुणांची तीन धरायची. बरीचशी माहिती विद्यापीठानेच पुरवायची. (आपल्याकडे दहावीच्या पोरांना एवढी सवलत मिळती तर!) पुरावे मागतात, हे खरं, पण सतराव्याचा वाटा २२ टक्के, आणि त्यात उद्दिष्टांवरचे अहवाल प्रसिद्ध केल्याचेही गुण असतात. म्हणजे झाड लावो न लावो, झाडावरचा कागद छापावा. निदान मोजमाप तरी सुरू झालं, असं समर्थक म्हणतात. मान्य, मोजल्याशिवाय सुधारणा कळत नाही. पण काय मोजायचं हे परीक्षार्थीच ठरवतो, तेव्हा ती जाहिरात होते. तेरावं उद्दिष्ट हवामानाचं. ते खुशाल ऑप्शनला टाकता येतं.