पायदळ यात्रेकरूंसाठी एक अनधिकृत मार्गदर्शिका

हल्ली शांत यात्रेला फार मागणी आली आहे. माणूस देवाला निघतो आणि निघण्याआधी चौकशी करतो, "तिथे गर्दी नसते ना?" पूर्वी एखाद्या देवाच्या दारात गर्दी नाही असे कळले, तर लोक त्या देवाविषयी शंका घेत. आता तोच त्या जागेचा मोठेपणा म्हणून सांगतात. ही मागणी लक्षात घेऊन गोंदिया जिल्ह्यापुरती पुढील मार्गदर्शिका तयार केली आहे. तिला कोणत्याही कार्यालयाची मंजुरी नाही, त्यामुळे तिच्यात थोडीफार माहिती सापडेल.

जिल्हा लहान आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला, तालुके आठ. पण पायदळ जाण्याची हौस आठ तालुक्यांत मावणारी नाही. आमच्या जिल्ह्याच्या सर्वांत मोठ्या पदयात्रेची देवी तर दुसऱ्या राज्यात बसली आहे. डोंगरगडची बमलेश्वरी छत्तीसगडात राजनांदगाव जिल्ह्यात येते, हे नकाशावाल्यांचे म्हणणे. नवरात्रात आमगाव-सालेकसाच्या रस्त्याने चप्पल हातात घेऊन निघालेल्या माणसाला राज्याची हद्द कुठे लागली हे विचारून पाहा. तो तुम्हाला पुढचा चहाचा मंडप कुठे आहे ते सांगेल.

उमेदवाराने आधी देव निवडावा की वाट निवडावी, हा या शास्त्रातला मूलभूत प्रश्न. परंपरा म्हणते देव. नवीन पिढी म्हणते वाट, शक्यतो सावलीची, आणि मोबाइलला रेंज असलेली. आपण दोघांनाही खूश ठेवू.

आश्विनातली डोंगरगडची वाट घ्या. तिला दोन तोंडे आहेत. पूर्वेकडून दुर्ग, भिलाई, राजनांदगावचे लोक येतात. ती गर्दीची बाजू. तिथे सेवा पंडाल एकमेकांना खेटून असतात, आणि पायी चालणाऱ्याला खरा त्रास होतो तो पोटाचा. पश्चिमेकडून आपण जातो : गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा, मग जंगलाचा पट्टा आणि पलीकडे डोंगरगड. अंतर सुमारे सत्तर किलोमीटर. स्पेनमध्ये सांतियागोला पायी जाणाऱ्यांना शेवटचे किमान शंभर किलोमीटर चालल्याशिवाय प्रमाणपत्र देत नाहीत, आणि त्यामुळे बरोबर शंभरच्या खुणेपासून पुढे तिथेही तोबा गर्दी असते. म्हणजे गोंदियाचा माणूस डोंगरगडला पोचून हजारावर पायऱ्या चढला, तरी स्पेनच्या नियमाने नापास. त्याने परत गोंदियाकडे तीस किलोमीटर चालावे आणि मग अर्ज करावा.

पश्चिमेची ही बाजू त्यातल्या त्यात शांत, असे म्हणण्याची पद्धत आहे. शांत म्हणजे डीजे एका वेळी एकच ऐकू येतो. धान निसवलेला असतो, बांधावर पाणी असते, सप्टेंबरच्या शेवटाला पावसाचे एक आवर्तन हमखास बाकी असते, आणि लोक ऊन टाळायला रात्री चालतात. रात्री चालणाऱ्यांसाठी सूचना : काळे कपडे घालू नयेत. भक्ती कितीही तेजस्वी असली तरी ट्रकवाल्याला ती दिसत नाही.

गर्दीच्या वाटेवर निघालेल्याने एक कला आधी शिकून घ्यावी, नकार देण्याची. पहिल्या मंडपात पोहा, दुसऱ्यात आलुबोंडा, तिसऱ्यात खिचडी, चौथ्यात पुन्हा पोहा. मंडपातला कार्यकर्ता रस्त्यात आडवा येऊन द्रोण हातात देतो. "नको" म्हटले तर त्याचा चेहरा असा पडतो की त्या पापाचे निवारण करायला पुन्हा वेगळी यात्रा करावी लागेल. यावर उपाय एकच : हातात आधीच अर्धा खाल्लेला द्रोण धरून चालणे. अनुभवी लोक एकाच आलुबोंड्यावर आमगाव पार करतात.

दुसरी वाट माघ पौर्णिमेची, कचारगडची. सालेकसा तालुक्यातच, दरेकसा स्टेशनावर उतरायचे, धनेगाव गाठायचे आणि डोंगर चढायचा. गोंड समाजाचे हे सर्वांत मोठे श्रद्धास्थान. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा, सगळीकडून लोक लाखोंनी येतात, सातरंगी ध्वज घेऊन, "जय सेवा" म्हणत. अनोळखी माणसे एकमेकांना कुळ विचारतात, किती देवांचे म्हणून विचारतात, चार की पाच, सहा की सात. त्यावरून नाते कोणते आणि सोयरीक जुळू शकते की नाही हे जागच्या जागी ठरते. शांतताप्रिय यात्रेकरूने इथे विशेष सावध राहावे. एकटा भटकायला आलेला अविवाहित तरुण परतताना एकटा राहीलच याची हमी ही मार्गदर्शिका देत नाही.

या गर्दीबद्दल तक्रार करणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, ही वाट एकेकाळी पूर्ण शांत होती. १९८०च्या दशकात आचार्य मोतीरावण कंगाली आणि त्यांचे मोजके सोबती इथे येऊ लागले, तेव्हा धक्का मारायला माणूसच नव्हता. कंगाली भाषेचे अभ्यासक, नोकरी रिझर्व्ह बँकेत. सुटीत माणसाने काय करावे याविषयी बँकवाल्यांचे नियम असतील, पण एका जमातीला तिची हरवलेली यात्रा परत मिळवून देऊ नये असे त्यांत कुठे लिहिलेले दिसत नाही. मोजक्या लोकांच्या त्या वाटेवर आज पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा ज्यांना शांत वाट सापडली असेल त्यांनी ती कुणालाही सांगू नये, आणि तिच्यावर मार्गदर्शिका तर मुळीच लिहू नये.

दुसरी गोष्ट जरा गंभीर आहे. कचारगडची कथाच मुळी आवाजाची आहे. कली कंकालीची तेहतीस मुले गुहेत कोंडली गेली होती. दारावर प्रचंड शिळा. हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाने वाद्य वाजवले, त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आले, त्यांनी जोर लावला आणि शिळा हटली. त्या शिळेखाली वाजवणारा गेला. मुले बाहेर आली, आणि पारी कुपार लिंगोने त्यांना कोया पुनेमची, म्हणजे गोंडांच्या धर्माची, शिकवण दिली. आता ज्या जागी वाजवण्याने दगड हलला, तिथे जाऊन "जरा आवाज कमी करा" म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणावे? गुहेत नगारा घुमतो तेव्हा मी तरी कानात बोटे घालणाऱ्यांच्या बाजूचा नाही. डीजेविषयी मात्र माझे मत राखून ठेवतो.

माघ पौर्णिमेनंतर पंधरवड्यातच महाशिवरात्र. तेव्हा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडचा डोंगर "हर बोला"ने भरून जातो. महादेव आहे, दर्गाही आहे. गर्दी दोघांची मिळून होते, त्यामुळे कोण कुणाच्या यात्रेला आला हे ओळखण्याचा प्रयत्न करू नये. वाटेवर गोठणगावच्या बाजूला तिबेटी लोकांची वसाहत लागते, १९७२ पासूनची. धानाच्या बांध्या, मोहाची झाडे आणि मधेच प्रार्थनेच्या पताका असा देखावा दिसला, तर उन्हाने चक्कर आली असे समजून बसू नये. रस्ता बरोबर आहे.

मांडोदेवी वगैरे जिल्ह्यातली देवस्थाने राहिली. तिकडची गर्दी ज्याची त्याला माहीत आहे.

आता शांत वाटेकडे वळू. वरच्या सगळ्या वाटा वर्षातले मोजके दिवस सोडले तर शांतच असतात. जो रस्ता आश्विन शुद्ध पंचमीला ओसंडतो, त्याच रस्त्यावर ज्येष्ठात शेळ्या बसतात. म्हणजे गोंदिया जिल्ह्यात गर्दीची वाट आणि शांत वाट अशा दोन वाटा नाहीत. रस्ता एकच, पंचांग वेगळे. पुस्तके आणि पर्यटन विभाग हे सांगत नाहीत, कारण मग निवडण्यासारखे काही उरत नाही.

तर समजा तुम्ही बिनतिथीचे निघालात. पाठीवर पिशवी, डोक्यावर टोपी, मनात एकांत. पहिले गाव लागते. पानठेल्यावरून हाक येते :

"कुठं जाऊन राहिले जी?"

"डोंगरगडला."

"पायदळ? बस नाही भेटली काय?"

"भेटली असती. पण चालतच जायचं आहे."

"नवस हाये काय?"

"नाही."

इथे शांतता पसरते, पण तुम्हाला हवी होती ती नव्हे. नवस नाही, नवरात्र नाही, तरी माणूस पायदळ चालला आहे. याचा अर्थ घरी भांडण झाले असणार, नाहीतर डॉक्टरने सांगितले असणार. मग बसवतात, पाणी देतात, चहा मागवतात, गाव कोणते, आडनाव काय, आमगावच्या त्या अमक्यांचे तुम्ही कोण, शेती किती, धानाला यंदा बोनस मिळेल काय, हे सगळे होते. तुम्ही उठता. दुसऱ्या गावात पोचता तर तिथला माणूस रस्त्यावर उभाच : "तुमीच काय ते, बिना नवसाचे?" फोन तुमच्या पुढे चालत असतो. तिसऱ्या गावात एक काकाजी गाडी घेऊन तयार असतात, सोडून देतो म्हणून. नाही म्हटले तर त्यांना राग येतो.

नवरात्राच्या लोंढ्यात तुम्हाला कुणी काही विचारत नाही. सगळ्यांना माहीत असते कुठे चालले आणि कशाला. तिथे तुम्ही रात्रभर शब्द न बोलता चालू शकता. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्यांना क्रमांक असतात, रथापुढची, रथामागची. आमच्याकडे तेवढीही विचारपूस नाही. द्रोण तेवढा हातात देतात. तेव्हा खरा एकांत हवा असेल त्याने अष्टमीच्या आदल्या रात्री निघावे. हा सल्ला मी पूर्ण गांभीर्याने देतो आहे.

माणसे नको, झाडे चालतील, अशी काहींची भूमिका असते. त्यांच्यासाठी चैत्र नवरात्र. गर्दी आश्विनाइतकी नसते, कारण उन्हाचा पारा तिला आवर घालतो. पण याच दिवसांत मोह पडतो. पहाटे गावातल्या बाया टोपल्या घेऊन मोह वेचायला जातात, आणि अस्वलालाही मोह तितकाच आवडतो, तेही पहाटेच निघते. बायांना अस्वलाची सवय आहे, अस्वलाला बायांची आहे. तुम्ही दोघांनाही नवीन. जंगलाच्या रस्त्याने पहाटे एकटे जाऊ नये, आणि मोहाच्या झाडाखाली ध्यानाला तर बसूच नये. नागझिरा-नवेगावकडे पाहून कुणाला "इथून जवळ पडेल" असे वाटले, तर त्याने लक्षात घ्यावे की तो भाग २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे पायी फिरण्याचा अधिकार वाघाला आहे, तुम्हाला नाही. नवेगावची शांतता ज्यांना हवीच असेल त्यांनी मारुती चितमपल्लींचे 'नवेगाव बांधचे दिवस' घरी बसून वाचावे. पाय दुखत नाहीत आणि पक्षी जास्त दिसतात.

रेल्वेच्या रुळांवरून डोंगरगडला जाणारे काही शहाणे आढळतात. सरळ पडते, चढ कमी, कुणी भेटत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. दरेकसाच्या पुढे बोगदा आहे आणि ही मुंबई-हावडा मुख्य मार्गिका आहे, एवढे सांगून हा विषय संपवतो.

साहित्याबाबत फार लिहिण्यासारखे नाही. नवीन बूट घेऊ नयेत, जुने सोडू नयेत. दोन्ही सापडले नाहीत तर अनवाणी जाणाऱ्यांकडे बघून लाज वाटून घ्यावी. खोबरेल तेल, टॉर्च, पायमोजे दोन जोड. गर्दीच्या वाटेला निघत असाल तर सोबतच्या म्हाताऱ्या माणसांच्या खिशात गावाचे नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. भोंग्यावरून "आई, जिथे असाल तिथून मंडपाकडे या" हे ऐकून मंडपाकडे एकदम चाळीस आया येतात. शांत वाटेला निघत असाल तर दोन चिठ्ठ्या ठेवा, एक खिशात आणि एक घरी.

इतके सांगूनही ज्यांचा हट्ट सुटत नाही, ज्यांना माणूस नको, मंडप नको, काकाजी नको, अस्वल नको, त्यांनी पितृपक्षात निघावे. त्या पंधरवड्यात कुणीच यात्रेला निघत नाही. निघालेल्याला कुणी अडवतही नाही, कारण ज्याला इतकेही कळत नाही त्याच्याशी काय बोलायचे? हीच जिल्ह्यातली एकमेव शांत वाट. देवी त्या दिवसांतही दर्शन देते, आणि रोपवेला रांग नसते.

कचारगडला जाणाऱ्यांसाठी शेवटची सूचना : दरेकसाला मोजक्याच गाड्या थांबतात, म्हणून परतीची वेळ निघण्याआधी विचारून ठेवा. गाडी चुकली, तर पुढे डोंगरगडपर्यंत चालत जाण्याची तयारी ठेवा.