आधी टाकीची लांबी सांगा

वडाळ्यात पोर्ट ट्रस्टच्या वसाहतीत जा, अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये जा, नाहीतर भक्ती पार्कच्या टॉवरात जा, मासेकाका भेटतातच. नाव जागोजागी वेगळं, ऐवज एकच. वय साठीच्या पुढे, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी मोजायची टेप, आणि कुणाच्याही घरात शिरलं की यजमानाच्या आधी त्याच्या फिशटँककडे वळणारी नजर. लहानपणी शाळेच्या सहलीत मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं आणि पोरगा काचेपासून हलेना, अशी प्रत्येक मासेकाकाची जन्मकथा असते. ते मत्स्यालय 1951 साली सुरू झालं. तेव्हापासून मुंबईत असे किती काका घडले असतील, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

या काकांना प्रसंगाचं भान फारसं नसतं. एका घरी समाचाराला गेले. गेलेल्या आजींबद्दल बोलून झालं, सगळे खाली मान घालून बसले. त्या शांततेत काका हळूच म्हणाले, ‘हा ऑस्कर कधी आणलात?’

‘दोन महिने झाले, काका.’

‘वर्षा-दीड वर्षात तो फूटभर होईल. टाकी दीड फुटाची दिसतेय. वळणार कसा तो?’

निघताना घरच्यांच्या चेहऱ्यावर आजींपेक्षा ऑस्करचीच चिंता जास्त होती.

मासा निवडणं म्हणजे काकांच्या लेखी स्थळ बघणं. रूपरंग सगळ्यात शेवटी. आधी उंची कुठवर जाणार, स्वभाव कसा, घरात माणसं किती आणि इथलं पाणी मानवणार का, याची चौकशी. नवशिका मात्र दुकानात शिरल्या शिरल्या बोट दाखवतो, ‘तो लाल द्या, तो चमकतोय तो द्या आणि तो छोटा शार्क.’

या शार्कवर काकांचा विशेष राग आहे. चंदेरी अंगाची, काळसर पट्ट्यांची तीन इंची पिल्लं दुकानात ‘शार्क’ म्हणून खपतात. शार्कशी त्यांचा काडीचा संबंध नाही. तो पंगासियस नावाचा नदीतला मासा, मोकळ्या पाण्यात मीटरभर वाढणारा. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तो बहुतेक वेळा हाच. काका गिऱ्हाइकाला एवढंच विचारतात, ‘पाळायचाय की तळायचाय, ते आधी ठरव.’

काच साफ करतो म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर मासा त्याच जातकुळीचा. तोही फुटाच्या वर जातो. मग टाकीत मावेना झाला की लोक रात्री पिशवीत घालून त्याचं जवळच्या तलावात विसर्जन करतात. उजनी धरणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत हा दक्षिण अमेरिकेतला पाहुणा सापडू लागला, तो काही स्वतः तिकीट काढून आलेला नाही. हे सांगताना काकांचा आवाज चढतो, आणि ते योग्यच आहे.

काकांचा दुसरा शत्रू वास्तुसल्लागार. त्याने सांगितलेलं असतं: आठ सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा. काळा मासा घरावरचं संकट अंगावर घेतो आणि मरतो. तो आठवड्यात मरतोच, आणि घरात समाधान पसरतं. ‘अहो वहिनी, तो अमोनियाने गेला,’ काका समजावतात. ‘संकट टळलं असतं तर मागून चार सोनेरी कशाला गेले असते?’ गोल्डफिश हा थंड पाण्याचा, खादाड आणि भरपूर घाण करणारा मासा. तो सहा-आठ इंच सहज होतो. मुंबईच्या मे महिन्यात, काचेच्या गोल भांड्यात, त्याला ठेवायचं म्हणजे छळच. सिनेमावाल्यांनी ते भांडं घरोघरी पोचवलं, पण सिनेमातला मासा शूटिंगपुरताच असतो.

अमोनियाची गोष्ट मात्र काका कधीच आटोपशीर सांगू शकत नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि खालच्या खड्यांत वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवायचा, चिमूटभर खाणं पाण्यात कुजू द्यायचं आणि मासे आणायचे नाहीत. वाढदिवसाला टाकी मिळालेल्या आठ वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा. तो रिकाम्या टाकीसमोर रोज बसतो आणि काकांना वैरी समजतो.

यावर काकांकडे एक तोडगा आहे. वास्तुशांतीला लोक पेढे नेतात, घड्याळ नेतात. काका आपल्या जुन्या टाकीतला मळका, काळपट स्पंज प्लास्टिकच्या पिशवीत पाण्यासकट नेतात. यजमानीण नाक मुरडते. पण जुना स्पंज नव्या फिल्टरमध्ये ठेवला की जीवाणूंची वस्ती आयती मिळते आणि आठवडे वाचतात. त्या घरात यापेक्षा उपयोगी आहेर दुसरा आलेला नसतो.

रविवारी सकाळी काकांची स्वारी कुर्ल्याच्या फिश मार्केटला निघते. हार्बरवर वडाळा रोडवरून तिसरं स्टेशन. घरात खायच्या माशांची खरेदीही यांच्याचकडे. पापलेट घेताना कल्ला उचलून लाल आहे का बघणारे हेच गृहस्थ कुर्ल्यात कल्ले किती भराभर हलतायत ते बघतात. भराभर म्हणजे मासा त्रासात. पंख मिटलेला नको, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके नकोत, आणि त्याच टाकीत एक मेलेला तरंगत असेल तर बाकीचेही नकोत. दुकानदाराला ते खाणं टाकायला लावतात. जो धावून येत नाही तो बाद. दुकानदार त्यांना लांबून ओळखतो आणि मोबाइल कानाला लावतो.

हीटर मुंबईत लागत नाही, हे काकांचं मत दुकानदाराला सर्वात जास्त झोंबतं. जानेवारीतल्या चार-दोन रात्री सोडल्या तर वडाळ्याचं पाणी आपोआप कोमट असतं. खरा त्रास नळातल्या क्लोरिनचा. बादली दिवसभर उघडी ठेवा किंवा अँटी-क्लोरिनचे थेंब टाका. पाणी तानसा-भातसाचं, म्हणजे मऊ. त्यात मोली मलूल होतात, कारण त्यांना जड पाणी लागतं.

काकांची शिफारस ठरलेली असते आणि ती ऐकून लोकांचा चेहरा पडतो: झेब्रा मासा. दोन इंचांच्या आतला, निळ्या पट्ट्यांचा, आपल्या भारतातलाच, चिवट. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये शास्त्रज्ञ ज्याच्यावर प्रयोग करतात तोच. तो सहाच्या घोळक्यात आणायचा आणि झाकण लावायचं, कारण तो उडी मारतो. त्यानंतर गप्पी. डासांच्या अळ्या खायला पालिका विहिरींत सोडते ते हे मासे नवशिक्याच्या हातून सहसा मरत नाहीत. मात्र फक्त नर घ्यायचे. मादी एकदा फळली की पुढे नराशिवायही कित्येक महिने पिल्लं देत राहते. काकांच्या इमारतीत प्रत्येक घरी बरणीतून गप्पी पोचलेले आहेत. हल्ली ते जिना चढताना दिसले की दारं बंद होतात. फायटर हवाच असेल तर एकटा. तो वर येऊन हवा घेतो, म्हणून पेल्यातही जगतो. पण जगणं वेगळं आणि नांदणं वेगळं, त्याला दहा-पंधरा लिटर तरी द्या.

काकूंचं या सगळ्यावर एकच म्हणणं आहे. ‘चाळीस वर्षं झाली लग्नाला. मला इथलं पाणी मानवतंय का, हे यांनी एकदाही विचारलेलं नाही.’

टाकी घ्यायचा विचार असेल तर मासेकाकांना जरूर भेटा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी बघून ठेवा. तिच्यात काठोकाठ छप्पन लिटर पाणी मावतं, म्हणजे टेबल मजबूत हवं. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि पाहुण्यांना पोळीचे तुकडे टाकू देऊ नका. काकांकडे संध्याकाळी जेवायच्या वेळेला मात्र जाऊ नका. तासाभरात ते अमोनियापर्यंतच पोचलेले असतात.